रात्री थांबायचे कुठे? : हार्लेममधील एका पोस्टमनची पुस्तिका

२२ जुलै १९६३. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे नागरी हक्क विधेयकावर साक्षी चालू होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे प्रमुख रॉय विल्किन्स यांनी घटनेची कलमे बाजूला ठेवली आणि समितीच्या सदस्यांना एका सहलीचा बेत आखायला सांगितले. सुट्टीचे दिवस आहेत, घराघरांतून मोटारी सामानाने भरून निघाल्या आहेत. आपली कातडी काळी आहे असे क्षणभर धरून चाला आणि व्हर्जिनियातील नॉरफोकहून मिसिसिपीच्या किनाऱ्यावरील बिलॉक्सीला जायचा मार्ग ठरवा. दिवसाला किती मैल कापाल? जेवाल कुठे? कुटुंबाला शौचालय कुठे वापरू देतील? अंग थकल्यावर गाडी थांबवता येईल, की नातेवाइकाचे घर असलेले गाव येईपर्यंत ती हाकतच राहावी लागेल? आणि मुलाने वाटेत आइस्क्रीम मागितले, तर त्याला काय सांगाल?

समितीतील बहुतेकांना हे प्रश्न कधी पडलेच नसावेत. पण देशातील लक्षावधी घरांत प्रत्येक प्रवासाच्या आदल्या रात्री ते विचारले जात होते, आणि त्यांची उत्तरे देणारी एक लहानशी पुस्तिका तेव्हा २७ वर्षांची झाली होती.

मोटारीने देश ओलांडण्याचे वेड अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लागले. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा लिंकन महामार्ग १९१३ साली जाहीर झाला. तीन हजार मैलांहून लांब असलेल्या या मार्गाचा बराचसा भाग तेव्हा चिखल आणि धूळ एवढाच होता. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची किंमत उतरत उतरत १९२५ च्या आसपास तीनशे डॉलरच्या आत आली आणि कारकून, शेतकरी, शाळामास्तर रस्त्यावर उतरले. हॉटेल परवडत नसे, तिथला थाटही नकोसा वाटे. मग गाडीला तंबू बांधायचा, मागच्या बाजूला स्टोव्ह आणि डब्यांची पेटी ठेवायची आणि दिवस मावळला की जिथे असू तिथे पथारी पसरायची. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे अशा भटक्यांनी स्वतःची संघटनाच काढली. तिचे नाव ‘टिन कॅन टुरिस्ट्स’, म्हणजे पत्र्याच्या डब्यातले खाऊन फिरणारे. गावोगावच्या नगरपालिकांनी त्यांच्यासाठी पाणी, चुली आणि शौचालये असलेली मैदाने राखली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘मोटेल’ हा शब्द जन्माला आला. १९३६ साली ‘एअरस्ट्रीम’चा चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ बाजारात आला. गाडीच्या मागे ओढायचे ते एक फिरते घर होते, आत निजायची जागा आणि स्वयंपाकघर दोन्ही.

या साऱ्या हौसेच्या मुळाशी एक गृहीत होते : वाट आपली आहे आणि रात्र पडेल तिथे थांबता येते. हे गृहीत गोऱ्यांपुरतेच खरे होते.

त्याच १९३६ साली व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी पंचवीस सेंट किमतीची एक पुस्तिका छापली. ग्रीन न्यू जर्सीत टपाल वाटत आणि राहत हार्लेममध्ये. त्यांच्या पत्नी अल्मा मूळच्या व्हर्जिनियातील रिचमंडच्या. सासर-माहेरच्या फेऱ्यांत दक्षिणेकडचा रस्ता काय असतो हे त्या घराला पुरते ठाऊक असणार. पुस्तिकेचे नाव ‘द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’. त्यातील पहिला शब्द आज कानाला बोचतो. तेव्हा तो कृष्णवर्णीय समाज स्वतःसाठीही आदराने वापरत असे. पहिली आवृत्ती न्यूयॉर्कच्या परिसरापुरती होती. पुढच्या काही वर्षांत तिने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा प्रदेश व्यापला, मग सारा देश, आणि १९४९ पर्यंत कॅनडा, मेक्सिको व बर्म्युडाही.

तिच्यात नकाशे फारसे नव्हते आणि निसर्गवर्णने तर जवळजवळ नाहीतच. राज्य, त्याखाली शहर, त्याखाली पत्ता, एवढाच मजकूर. कोणते हॉटेल आत घेते, कोणत्या पंपावर पेट्रोलबरोबर शौचालयाची किल्लीही मिळते, कुठला न्हावी केस कापतो, कुठले गॅरेज बिघडलेली गाडी हाती धरते. ही कल्पना मुळात ग्रीन यांचीच होती असेही नाही. ज्यू वृत्तपत्रे आपल्या वाचकांना ‘आपल्याला प्रवेश नाही’ अशा ठिकाणांची माहिती फार पूर्वीपासून देत, याचा उल्लेख पुस्तिकेच्या प्रस्तावनेतच आहे. १९३० साली कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी हॅक्ली आणि हॅरिसन यांची एक मार्गदर्शिकाही निघाली होती. ती टिकली नाही. ग्रीन यांची टिकली.

ती का टिकली, याचे उत्तर बरेचसे त्यांच्या नोकरीत आहे. टपाल खाते ही कृष्णवर्णीयांना स्थिर पगाराची नोकरी देणाऱ्या थोड्या संस्थांपैकी एक होती, आणि गावातील कोणते दार कोणासाठी उघडते हे पोस्टमनइतके कोणाला कळणार? ठिकठिकाणच्या टपालकर्मचाऱ्यांनी पत्ते कळवले. वाचकांनीही कळवावेत म्हणून ग्रीन स्वीकारलेल्या माहितीमागे सुरुवातीला एक डॉलर देत. दुसरा आधार मिळाला तो ‘एस्सो’ या तेल कंपनीचा. कृष्णवर्णीयांना पंप चालवायला देणाऱ्या मोजक्या कंपन्यांपैकी ती एक होती, आणि तिच्या पंपांवर ही पुस्तिका विकली जाई. यात धंद्याचे गणित होते हे उघडच आहे. गाडी असलेल्या प्रत्येकाला पेट्रोल लागतेच. पण तेच गणित इतर कंपन्यांना का सुचले नाही, हाही प्रश्न उरतोच.

आता या पुस्तिकेच्या आधारे आखलेला प्रवास कसा असे ते पाहू. सामान्य प्रवासी आधी वाट ठरवतो आणि मग मुक्काम शोधतो. इथे क्रम उलटा होता. आधी झोपायला मिळेल अशी ठिकाणे शोधायची, मग त्यांना जोडणारा रस्ता. दोन पत्त्यांमधले अंतर तीनशे मैल असेल तर तो दिवस तीनशे मैलांचाच, मग पाऊस असो की मुलाला ताप असो. निघायची वेळ सूर्य ठरवी. अमेरिकेत, आणि दक्षिणेपेक्षा उत्तर व मध्य-पश्चिमेकडेच अधिक, अशी शेकडो गावे होती जिथे अंधार पडल्यावर कृष्णवर्णीय माणसाने दिसूही नये, असा दंडक होता. त्यांना ‘सनडाउन टाउन’ म्हणत. काहींच्या वेशीवर तशा पाट्याच लावलेल्या असत. बाकीच्यांची नावे तोंडी माहितीतून कळत. अशा गावातून दिवेलागणीनंतर जावे लागू नये, म्हणून पहाटे तीनला घर सोडणे हा उत्साहाचा भाग नव्हता.

गाडीत काय भरायचे, हेही यावरूनच ठरे. बुटांच्या खोक्यांत तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी, पाण्याची भांडी, जास्तीचे पेट्रोल, उशा-पांघरुणे, आणि मुलांसाठी एक रिकामा डबा, कारण शौचालयाचा भरवसा नाही. कित्येकजण ड्रायव्हरची टोपीही जवळ ठेवत. पोलिसाने अडवून ‘ही चांगली गाडी कुणाची’ असे विचारले, तर टोपी दाखवून ‘साहेबांची’ म्हणायचे आणि सुटायचे. गोऱ्या कुटुंबाने गाडीचे घर केले ते हौसेने. या कुटुंबांच्या गाडीचेही घर झाले, पण रस्त्याकडेच्या घरांनी दार लावून घेतले म्हणून.

तंबूच्या मैदानांतही सुटका नव्हती. व्हर्जिनियातील शेनान्डोआ हे केंद्र सरकारचे राष्ट्रीय उद्यान. तिथे १९३९ साली ‘लुइस माउंटन’ हा भाग कृष्णवर्णीयांसाठी वेगळा राखण्यात आला. झाडे तीच, डोंगररांग तीच, फक्त रस्त्यावर पाटी निराळी. ही विभागणी पुरती संपायला १९५० उजाडले.

‘ग्रीन बुक’मधील सर्वांत हृद्य नोंदी ‘टुरिस्ट होम’ या मथळ्याखाली आहेत. ही हॉटेले नव्हती. ती साधी राहती घरे होती, बहुधा कुणा विधवेची किंवा शिक्षिकेची, जिने एखादी खोली रिकामी ठेवून आपले नाव आणि पत्ता छापू दिला होता. अनोळखी माणसे रात्री दार ठोठावणार, त्यांना आत घ्यायचे, न्याहारी करून वाटेला लावायचे. कित्येक लहान शहरांपुढे छापलेली ओळ एकच आहे : एका बाईचे नाव आणि तिची गल्ली. त्या एका ओळीवर शेकडो मैलांचा बेत उभा राही. कुठल्या तरी मोठ्या शहरापुढे एवढी एकच ओळ दिसली, की त्या शहराबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.

शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारा ‘रूट ६६’ हा अमेरिकी मोकळेपणाचे प्रतीक मानला जातो. त्याला अजरामर करणारे गाणे १९४६ साली नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकाने लोकप्रिय केले. त्याच मार्गावरील बहुसंख्य मोटेलांत खुद्द कोल यांना खोली मिळाली नसती. ओक्लाहोमातील लूथरजवळ थ्रेट कुटुंबाचा पेट्रोल पंप, मिसुरीतील स्प्रिंगफील्डमध्ये अल्बर्टा एलिस यांचे हॉटेल, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मरे यांचे रँच : या मार्गावर अशी ठिकाणे बेटांसारखी विखुरलेली होती. १९६० साली लेखक जॉन स्टाइनबेक ट्रकवर बसवलेल्या कॅम्पर-घरात चार्ली या कुत्र्याला घेऊन देश पाहायला निघाले आणि मनाला येईल तिथे थांबत गेले. त्या प्रवासावरील त्यांचे पुस्तक गाजले आणि ते वाचनीयही आहे. पण अनेक मोटेलांत तेव्हा चार्लीची सोय कृष्णवर्णीय डॉक्टरपेक्षा सहज झाली असती.

मुक्काम आधी आणि वाट नंतर, हा हिशेब महाराष्ट्राला परका नाही. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह बसने नाशिकहून औरंगाबादकडे, वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेतील खेड्यांत आपण कोण आहोत हे कळू द्यायचे नाही आणि जिथे थांबायचे तिथेच ओळख द्यायची, असे मंडळींनी आधीच ठरवले होते. दौलताबादला स्थानिक कार्यकर्त्यांना कळवले होते, म्हणून तिथे ते थांबले. किल्ल्याच्या वेशीजवळील टाक्यात हातपाय धुतले म्हणून जमाव धावून आला, आणि किल्ला पाहताना त्यांनी पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे नोंदवले आहे. त्यांचे शिक्षण हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात झाले होते, आणि १९४६ साली त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. जात आणि वंश एकच नव्हेत, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हिशेबात मात्र त्या वादाने फरक पडत नव्हता.

विल्किन्स यांच्या साक्षीच्या तीनच महिने आधी मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात हीच व्यथा मांडली होती : कोणतेही मोटेल घेत नाही म्हणून रात्रीमागून रात्री मोटारीच्या अवघडलेल्या कोपऱ्यात झोपावे लागते. २ जुलै १९६४ रोजी कायदा झाला आणि हॉटेल-मोटेलांना वर्णावरून प्रवाशाला नाकारणे बेकायदा ठरले. अटलांटातील ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या २१६ खोल्यांच्या मोटेलच्या मालकाने लगेच न्यायालयात धाव घेतली. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. कृष्णवर्णीयांना राहण्याच्या जागांसाठी खास मार्गदर्शिका छापावी लागते, हीच त्यांच्या हालांची साक्ष आहे, असा उल्लेख निकालपत्रात आला. पोस्टमनची खटपट अशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. तरीही निकालाचा पाया ‘आंतरराज्यीय व्यापार’ हाच राहिला : प्रवासी अडला की व्यापार अडतो. माणसाच्या प्रतिष्ठेचा आधार काही न्यायमूर्तींना आपल्या स्वतंत्र मतांत वेगळा मांडावा लागला.

ग्रीन हे पाहायला नव्हते. १९६० साली ते वारले. त्यानंतर अल्मा यांनी काही काळ काम पुढे चालवले. ही पुस्तिका छापण्याची गरज उरणार नाही असा दिवस लवकरच येईल, अशी आशा चाळिशीच्या दशकातल्या आवृत्तीतच छापली होती. शेवटची आवृत्ती १९६६-६७ ची. मात्र त्या दिवसाची किंमत पुस्तिकेतल्याच लोकांनी मोजली. ग्राहक मोठ्या साखळी-मोटेलांकडे वळले, नवे महामार्ग जुन्या वस्त्यांना वळसा घालून किंवा त्यांच्या छातीवरून गेले, आणि टुरिस्ट होमची दारे एकेक करून बंद झाली. मेम्फिसचे ‘लॉरेन मोटेल’ हेही ‘ग्रीन बुक’मधील एक नाव. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या तिथेच, ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या सज्जात झाली. आज तिथे नागरी हक्क संग्रहालय आहे.

२०१८ साली याच नावाचा चित्रपट आला आणि त्याला ऑस्करही मिळाले. त्यात ही पुस्तिका असते एका गोऱ्या चालकाच्या हातात. प्रत्यक्षात ती पुढच्या आसनावर बसलेल्या आईच्या मांडीवर असे.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जुन्या आवृत्त्या आता इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. १९४७ आणि १९५६ च्या नोंदींवरून मार्ग आखून देणारा एक नकाशाही त्यांनी तयार केला. त्यात निघण्याचे आणि पोहोचण्याचे शहर भरले, की वाटेतील जेवणाची आणि मुक्कामाची ठिकाणे ठिपक्यांनी उमटतात. पूर्वेकडे ते ठिपके दाट आहेत. पश्चिमेकडे सरकावे तसे ते विरळ होत जातात, आणि दोन ठिपक्यांमधली रेषा लांबत जाते.