गायनाचार्य भास्करबुवा बखले

संगीत रंगभूमीच्या आरंभकाळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. त्यातही उंच, कोवळ्या गळ्याच्या मुलांना नाटकमंडळ्यांत मोठा मान असे. परंतु तो मान गळा फुटेपर्यंतच टिके. पुढे त्या मुलांचे काय होई, याचा विचार क्वचितच कोणी करी. भास्करबुवांचे चरित्र याच प्रश्नाचे एक तेजस्वी उत्तर होय.

बुवांचा जन्म १८६९ साली गुजरातेतील कठोर या गावी झाला. घरची स्थिती गरिबीची. बालवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि 'रामराज्यवियोग' नाटकातील कैकेयीच्या भूमिकेने नावारूपास आले. परंतु वयात येताच आवाज फुटला. ज्या गळ्यावर रसिक लुब्ध होते, तोच निरुपयोगी ठरला आणि रंगभूमीवरचे स्थान गेले.

दुसरा एखादा खचला असता. बुवांनी मात्र पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि पुढे अल्लादिया खाँ अशा थोर उस्तादांची त्यांनी सेवा केली. त्या काळी विद्या मागून मिळत नसे. गुरुगृही पडेल ते काम करावे, तेव्हा एखादी चीज पदरात पडे. अशा कष्टाने त्यांनी नवा गळा घडविला व हिंदुस्थानभर कीर्ती मिळविली.

त्यांचे खरे मोठेपण याच्याही पुढे आहे. सायासाने मिळविलेली विद्या त्यांनी कुलुपात ठेवली नाही. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी गायनशिक्षकाचे काम केले. १९११ साली पुण्यास भारत गायन समाजाची स्थापना करून सामान्य घरांतील मुलांना गायनविद्येचे दार उघडले. बालगंधर्वांना त्यांनी तालीम दिली. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकातील पदांना चाली दिल्या. ज्या रंगभूमीने त्यांना दूर केले, तिलाच त्यांनी समृद्ध केले. १९२२ साली ते निवर्तले.

आपल्या पंचक्रोशीला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांचे पट्टशिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे भोसरी व चाकण यांच्यामधील आळंदीचे. १८९८ साली त्यांचा तेथे जन्म झाला. तेही बालवयातच रंगभूमीवर गाऊ लागले. गुरूंच्या पश्चात त्यांनी भारत गायन समाजाची धुरा वाहिली आणि 'रागसंग्रह' सात भागांत प्रसिद्ध करून घराण्यांच्या चिजा सर्वांना खुल्या केल्या. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आज आपल्या भागात कारखाने वाढले. मुले यंत्रविद्येत निपुण झाली, हे भूषणावहच आहे. परंतु हातचे काम केव्हा जाईल, याचा भरवसा कारखान्यातही नाही. अशा प्रसंगी नव्याने शिकण्यात कमीपणा मानू नये आणि आपल्यास येते ते दुसऱ्यास शिकविण्यात हात आखडता घेऊ नये, हा बुवांचा धडा आपल्या तरुणांनी अवश्य गिरवावा.