एकाचं नाव, अनेकांचे हात

आजचा भाग तंजावरचा.

बृहदीश्वराच्या प्रांगणात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजी राजे दुसरे यांच्या काळातला, 1803 सालचा हा शिलालेख. मजकूर त्यांच्या पदरच्या बाबुराय चिटणिसांचा. पुस्तकांत नाव येतं ते त्यांचंच. दगडावर छिन्नी चालवणाऱ्यांचं नाव कुणी सांगत नाही.

हे सांगायला निमित्त झाली माझ्या जुन्या सहकाऱ्याची नात. ती इथल्याच एका महाविद्यालयात संगणक शिकते. प्रोग्रॅमिंगच्या विषयात आधी प्रत्येकाचा स्वतंत्र प्रकल्प होता, मग चौघांचा मिळून एक. गटानं घेतला मोडी कागदाचा. छायाचित्रातून ओळी आणि अक्षरं वेगळी करणारा प्रोग्रॅम लिहायचा होता.

काम सोपं नाही. मोडीत आधी शिरोरेघ आखून घेतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. शब्द कुठे संपला हे माणसालाही अर्थ लावून ठरवावं लागतं. 2014 साली युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, म्हणजे वाचलेलं अक्षर साठवायची सोय झाली. वाचायचं कसं, हा प्रश्न राहिलाच.

पोरगी वैतागून म्हणाली, "आजोबा, कोड आम्ही दोघींनीच लिहिला. गुण मात्र चौघांना सारखे. हा कुठला न्याय?"

मी फौजी माणूस. म्हणालो, "तुकडीत असंच असतं, रडू नकोस." उत्तर देऊन मोकळा झालो, पण मनाला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महालात गेलो. 1918 मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं हे ग्रंथालय. इथल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तंजावरचे न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी केली. ती 1880 मध्ये लंडनला छापली गेली, आणि 1882 मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी बर्नेल वारले. पुढे 1928 पासून पी. पी. एस. शास्त्री यांच्या संपादनाखाली वर्णनात्मक सूची निघू लागली. तिचे 19 खंड झाले. एका माणसानं वाट पाडली. पण एवढ्या पोथ्या काढणं, पुसणं, पानं मोजणं आणि मुद्रितं तपासणं एकट्याच्या हातचं नव्हे.

संध्याकाळी पोरीला विचारलं, "उरलेल्या दोघांनी काय केलं, हे विचारलंस का?"

तिनं विचारलं. एकानं खरोखरच काही केलं नव्हतं. दुसरा मात्र दर रविवारी एका वृद्ध मोडी वाचकाकडे जाऊन बसायचा. शेकडो अक्षरं विचारून वहीत उतरवून आणायचा. त्या वहीवरूनच प्रोग्रॅमची तपासणी झाली होती. संगणकात कोण किती ओळी लिहितो याची नोंद राहते. वहीची नोंद कुठेच नव्हती. पोरीला वाटत होतं, ती यादी कुठूनतरी आयती मिळाली.

ती ओशाळली. मीही ओशाळलो, कारण तुकडीचं नाव सांगून मी तिचा रास्त प्रश्न उडवून लावला होता. फौजेतही कामाची वाटणी लिहून ठेवतात. पहाऱ्यावर कोण होता हे वहीत असतंच.

अहवालाच्या पहिल्या पानावर आता चौघांची कामं वेगवेगळी लिहिली आहेत. चौथ्याच्या नावापुढची जागा रिकामी आहे. गुण किती द्यायचे ते शिक्षक ठरवतील. खाली एक पाचवं नाव आहे, त्या वृद्ध वाचकांचं.

मंडळी, तंजावरला गेलात तर तो शिलालेख वाचाच. चिटणिसांना नमस्कार करा, आणि एखाद्या अक्षरावर हात न लावता नुसती नजर ठेवा. ते कुणीतरी कोरलं आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.