दुधाचा पगार

सातारा-सांगलीकडील खेड्यांत दर दहा दिवसांनीं मिळणाऱ्या दुधाच्या पैशांस 'दुधाचा पगार' म्हणतात. हा शब्द मोठा फसवा आहे, असें आम्हांस वाटतें. पगार ठरलेला असतो. दुधाचा दर ठरलेला नसतो.

पूर्वीं कृष्णाकांठच्या लहान कुणब्याच्या घरीं दूध बहुधा विरजलें जाई आणि तूप तेवढें बाजारास जाई. तूप टिकतें, म्हणून धनी भावाची वाट पाहूं शके. १९३९ सालीं भास्कर गणेश चितळे यांनीं भिलवडीस दुग्धव्यवसाय मांडला. पुढें १९७० सालीं दूधमहापूर योजना निघाली, सहकारी संघ वाढले, आणि संकरित गाई दारोदार आल्या. हातीं रोख पैसा आला. मात्र वाट पाहण्याची सोय गेली.

तिची किंमत पुढें कळली. जून २०१७ मध्यें शेतकऱ्यांच्या संपानंतर सरकारनें गाईच्या दुधाचा खरेदीदर लिटरमागें २४ वरून २७ रुपये केला. वर्ष लोटतें तोंच अनेकांच्या पदरीं वीस रुपयेही पडेनात. कारण दूर होतें. जादा दुधाची भुकटी होते, आणि २०१४ सालीं रशियानें घातलेली आयातबंदी व २०१५ सालीं युरोपनें उठविलेली उत्पादनमर्यादा यांमुळें जगांत भुकटीचे भाव पडले होते. १६ जुलै २०१८ पासून राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनें दूध अडविलें, तेव्हां चौथ्या दिवशीं सरकारनें २५ रुपये दर मान्य केला. २०२० च्या टाळेबंदींत हॉटेलें व मिठाईचीं दुकानें बंद पडलीं, आणि दर पुन्हां कोसळला.

दर पडला म्हणून गाय कमी खात नाहीं. पेंड रोज लागते, धारही रोज काढावी लागते. सांगलीजवळच्या हरिपुरास हळद पेवांत राखून भावाची वाट पाहत. दुधास पेव नाहीं. मग दोन गाईंचा धनी काय करणार? एक गाय विकून दुसरीची पेंड आणणार!

त्याच धन्याच्या बांधापलीकडे ऊस उभा असतो. उसाचा किमान दर केंद्र सरकार दरवर्षीं ठरवितें, आणि १९६६ च्या आदेशान्वयें तो कारखान्यानें चौदा दिवसांत द्यावयाचा असतो. दुधास असा कायदा नाहीं. आंदोलन झालें कीं अनुदान मिळतें. परंतु अनुदान ही कृपा आहे, आणि कृपेची मुदत संपते. जो माल एक रात्रही थांबूं शकत नाहीं, त्याच्याच धन्यास आपण दरासाठीं थांबावयास लावतों, हा न्याय आम्हांस उलटा दिसतो. पहांटेच्या चहांत दूध ओततांना वाचकांनीं याचा विचार करावा.