पत्राखालचा पत्ता

पोस्ट लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला लेकाच्या खोलीत दिवा दिसला. दुसऱ्या दिवशी गणिताची टेस्ट, आणि स्वारी लॅपटॉपवर दोन पानं लिहून बसलेली. विषय काय? तर एका सुपरहीरो सिनेमाचा शेवट कसा गंडला. मी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, "याचे मार्क मिळणार आहेत का?" तो म्हणाला, "आई, तू वाचलंस तरी का?"

नव्हतं वाचलं. दोन दिवस घरात अबोला. मला इतिहासाची खोड आहे, त्यामुळे भांडण मिटवायच्या ऐवजी मी वाचत बसले, की ही 'फॅन लोकांनी मत देण्याची' भानगड सुरू कुठून झाली. जे सापडलं ते इथल्या आईबाबांना सांगावंसं वाटलं, कारण त्यात आपल्यासारखीच माणसं निघाली.

1926 साली न्यूयॉर्कमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांचं मासिक काढलं. हे स्वतः लक्झेंबर्गहून आलेले. मासिकात वाचकांची पत्रं छापायला सुरुवात झाली आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता. एवढीच गोष्ट, पण तिने सगळं बदललं. कुठल्यातरी गावातल्या एकट्या पोराला कळलं की आपल्यासारखा दुसरा वेडा अमुक रस्त्यावर राहतो. मुलं थेट एकमेकांना लिहायला लागली, मग भेटायला लागली, मग मंडळं निघाली, घरच्या घरी छापलेली मासिकं निघाली.

आता ब्रुकलिनला चला. 1923 मध्ये रशियातून एक ज्यू कुटुंब तिथे आलं, बरोबर तीन वर्षांचा मुलगा. वडिलांनी पुढे कँडी स्टोअर घेतलं. म्हणजे गोळ्या, सिगारेटी, वर्तमानपत्रं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. अख्खं घर त्यात राबायचं, हा मुलगाही. दुकानात रंगीबेरंगी कव्हरांची स्वस्त मासिकं टांगलेली असायची आणि वडिलांचा सक्त हुकूम होता की विकायची, पण आपण वाचायची नाहीत. कचरा आहे तो. (मिठाईवाल्याचं पोर आणि डायबिटीसवाला डॉक्टर, असा प्रकार.)

1929 मध्ये गर्न्सबॅकने नवं मासिक काढलं, 'सायन्स वंडर स्टोरीज'. मुलगा नऊ वर्षांचा. त्याने वडिलांना कव्हर दाखवलं. बघा, 'सायन्स' लिहिलंय, म्हणजे अभ्यासाचंच आहे. वडिलांचं इंग्रजी तेव्हा बेताचंच. ते फसले, की फसल्यासारखं केलं, देव जाणे. मला दुसरंच खरं वाटतं. परवानगी मिळाली. त्या मुलाचं नाव आयझॅक आसिमॉव्ह.

लेखक व्हायच्या आधी आसिमॉव्ह पत्रलेखक होता. 'अस्टाउंडिंग' मासिकाला पत्रं पाठवायचा, कुठली गोष्ट जमली, कुठली फसली, अगदी परीक्षकासारखं. 1939 मध्ये त्याची पहिली कथा छापून आली. पण ती जुनी पत्रं सगळीच कौतुकाची आहेत असं समजू नका. विज्ञानकथांमध्ये बायका आणि प्रेमप्रकरणं कशाला घुसवता, असा वाद त्या वयात त्याने तावातावाने घातला होता, आणि तो छापूनही आला. आज आपल्या मुलांच्या हातात फोन आहे म्हणून ती असलं काही लिहितात असं मी समजत होते. अठरा वर्षांच्या मुलाला टपालाचं तिकीटही पुरायचं.

त्याच काळात क्लीव्हलँडमध्ये जेरी सीगल होता. आईवडील लिथुआनियातून आलेले, वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान. 1932 मध्ये दुकानात चोरी झाली, त्यातच वडील गेले. त्याच वर्षी या शाळकरी मुलाने 'सायन्स फिक्शन' नावाचं स्वतःचं मासिक काढलं, सायक्लोस्टाईल केलेलं. पाचच अंक निघाले. 1933 च्या एका अंकात त्याने 'सुपरमॅन' ही गोष्ट लिहिली, चित्रं मित्र जो शूस्टरची. त्यातला सुपरमॅन चक्क खलनायक होता! आपल्या ओळखीचा सुपरमॅन 1938 मध्ये आला. त्याचे हक्क दोघांनी 130 डॉलरला विकले आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टकचेरीत घालवली. 1975 च्या शेवटी कुठे कंपनीने वर्षाला 20,000 डॉलर पेन्शन आणि निर्माते म्हणून त्यांचं नाव परत छापायचं कबूल केलं. फॅनगिरीने पोट भरतं असा माझा दावा नाही, हे लक्षात घ्या. टेस्टचा अभ्यास करायलाच हवा.

आईबाबांच्या बाजूचाही इतिहास आहे, आणि तो फारसा चांगला नाही. 1948 च्या सुमारास अमेरिकेत गावोगावी कॉमिक्सच्या होळ्या झाल्या, पालक आणि शाळांच्या आशीर्वादाने. 1954 मध्ये डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांचं पुस्तक आलं की कॉमिक्समुळे मुलं बिघडतात. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. 2012 मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने वर्थम यांची मूळ टिपणं तपासून दाखवलं, की त्यांनी मुलांची वाक्यं बदलली होती, सोयीप्रमाणे जोडली-तोडली होती. मात्र त्याच काळात खुद्द मुलांनीही सिनेटला आणि वर्थमना पत्रं लिहिली होती. आम्ही काय वाचतो ते आम्हाला विचारा, अशा सुराची. ती फायलीत राहिली. मला इथे जरा थांबावं लागलं, कारण 'तू वाचलंस तरी का' हे वाक्य माझ्याच घरातलं.

मुलांचं मत विचारलं की दरवेळी शहाणपणच निघतं असंही नाही. 1988 मध्ये बॅटमॅनच्या प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले. दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, वाचवायचा की मारायचा? एका फोनला 50 सेंट. 5,343 मतं मारा म्हणून, 5,271 वाचवा म्हणून. 72 मतांनी गेला पोरगा.

आमच्या न्यू जर्सीकरांसाठी एक खास. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन बेयॉनचे. 1963 मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या विसाव्या अंकात त्यांचं पत्र आलं होतं, तोंड भरून स्तुती. एडिसनहून गाडीने निघालं तर बेयॉन काही लांब नाही.

हे सगळं लेकाला सांगितलं. तोही खोडसाळ, म्हणाला, "मराठीत असलं काही नाहीच ना?" मग नारळीकर काढले. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी विज्ञानकथा लिहायला घेतली आणि 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली. नाव मोठं, परीक्षक दबतील, म्हणून आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवली. आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं! पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्या कथेची दखल घेतली.

लेकाला उलट्या आद्याक्षरांची युक्ती फारच आवडली. अर्धा तास स्वतःची उलटी नावं करत बसला. मग मी त्याची ती दोन पानं मागितली. इंग्रजीत होती, आणि सिनेमा मी पाहिलेला नव्हता, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं. तिसऱ्या परिच्छेदाशी मी थांबले आणि म्हटलं, "हे पटत नाही मला. तो भावाला सोडून जातो ते बरोबरच आहे." तो ताडकन उठून बसला, "नाही आई, ऐक ना, तुला कळलं नाहीये," आणि पाऊण तास मला समजावत राहिला. मध्येमध्ये इंग्रजी, पण बरंचसं मराठीत. भांडायला त्याला मराठी पुरतं, हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी तो सिनेमा बघणार आहोत. गणिताचं विचारू नका.

आता तुम्ही सांगा. लहानपणी चांदोबाला, किशोरला किंवा आणखी कुठल्या मासिकाला कुणी पत्र लिहिलं होतं का? काय लिहिलं होतं?