सेवासदनाच्या परिचारिका

वसंत व्याख्यानमाला म्हटली की न्यायमूर्ती रानड्यांचे नाव आपोआप तोंडी येते. आज मात्र मला रमाबाईंच्या एका कामाविषयी बोलावयाचे आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले, आणि १९११ च्या सुमारास तेथील स्त्रिया परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. वाक्य लिहावयास सोपे. पण ते पाऊल किती अवघड होते, याची कल्पना आज सहज यावयाची नाही.

बाळंतपणाचा विटाळ मानणारा तो समाज. सुईण सर्वांना हवी, पण सुईणपणाला मान नाही. मग परपुरुषाची जखम धुणे, रात्रपाळीला वॉर्डात जागणे, हे कुलीन घरच्या बाईने करावे? ख्रिस्ती मुली हे काम आधीपासून करीत होत्या. त्याचे श्रेय आपण त्यांना क्वचितच देतो. आणि आता पुढे येत होत्या त्यांत विधवा होत्या, ज्यांनी चार माणसांत दिसूही नये अशी जनरीत!

नाडी पाहणे, पट्टी बांधणे, बाळंतिणीचा ताप वेळीच ओळखणे, हे वॉर्डातच शिकता येते. ते ससूनमध्ये मिळाले. पण नवशिकीचा हात प्रथम थरथरतोच. चुकले तर सावरून घेणारे कोणी आहे, एवढा भरवसा असला तरच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे होतो. घरीदारी बोलणी खाणाऱ्या बाईने हा भरवसा कोठून आणावा? सेवासदनाने तिला राहावयास वसतिगृह दिले, बरोबरीच्या मैत्रिणी दिल्या. संस्थेचा व्याप गोपाळ कृष्ण देवधर सांभाळीत. मुलींच्या पाठीशी रमाबाई.

रमाबाईंना याची गरज कोणी समजावून सांगावी लागली नाही. अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरी आल्या, पतीजवळ लिहावयास शिकल्या आणि त्यापायी घरातल्याच बायकांची टोचणी त्यांनी वर्षानुवर्षे सोसली. पाठीवर एक हात होता म्हणून ते शिक्षण तडीस गेले.

सेवासदनातून परिचारिका तयार होऊ लागल्या.  परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा मुंबई इलाख्यातील कायदा व्हावयास मात्र १९३५ साल उजाडावे लागले. रमाबाई त्याआधीच, १९२४ साली, गेल्या होत्या.