मुंबईत उतरायचे कुठे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उन्हाळा लागला की मुंबईतल्या साहेबलोकांचे बिऱ्हाड कोटाबाहेर हलायचे. तटाच्या आत घरांची दाटी, रस्ते अरुंद, वाऱ्याला वाट नाही. तटाबाहेर मात्र थेट समुद्रापर्यंत मोकळे रान होते, त्याला एस्प्लनेड म्हणत. आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच पटांगणाची उरलेली अंगे. उन्हाळ्यापुरते तिथे तंबू आणि कामचलाऊ बंगले उभे राहत आणि पाऊस तोंडावर आला की ते मोडून न्यावे लागत. वारा कुठे लागतो हे पाहून मुक्कामाची जागा ठरवायची, ही मुंबईची रीत हॉटेलांपेक्षा जुनी आहे.

त्या काळी बाहेरगावच्या माणसाला पैसे मोजून राहता येईल अशा जागा शहरात थोड्याच होत्या. माझगावात होप हॉल नावाचे हॉटेल होते, कोटात काही खाणावळवजा घरे होती. बहुतेक युरोपीय प्रवासी ओळखीची चिठ्ठी घेऊन कुणाच्या तरी बंगल्यावर उतरत. देशी प्रवासी आपापल्या जातीच्या, गावाच्या किंवा पेढीच्या माणसाकडे जात.

हे चित्र पालटले ते तीन वर्षांत. 17 नोव्हेंबर 1869 रोजी सुएझ कालवा खुला झाला. मार्च 1870 मध्ये जबलपूरला रेल्वेचे दोन मार्ग जोडले गेले आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंत गाडीने जाता येऊ लागले. विलायतेहून येणारा प्रवासी पूर्वी आफ्रिकेला वळसा घालून थेट कलकत्ता किंवा मद्रास गाठू शके. आता तो मुंबईत उतरू लागला. आणि 1871 मध्ये काळ्या घोड्याच्या परिसरात वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल सुरू झाले.

जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडले गेले आणि तटाच्या जागी मोकळे झालेले भूखंड विकायला निघाले. त्यातला एक त्याने घेतला. रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आराखडा केला, लोखंडी सांगाड्याचे सुटे भाग इंग्लंडात ओतले गेले, जहाजाने मुंबईत आले आणि इथे जोडले गेले. सुमारे 130 खोल्यांची ही पाच मजली इमारत. दर्शनी बाजूला लांबच लांब लोखंडी गॅलऱ्या, खोलीचे दार उघडले की समोर एस्प्लनेड आणि त्यापलीकडे बॅक बेचे पाणी. तंबूत राहून जे वारे मिळत होते, तेच वॉटसनने पक्क्या छपराखाली मिळवून दिले. पुढच्या काही वर्षांत सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट याच पट्ट्यात उभे राहिले. कामासाठी आलेल्या माणसाला सगळे पायी गाठता येत होते. वॉटसनने जागा हेरली ती शहराचा हा भाग अजून घडायचा होता तेव्हा.

1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला. खोकल्याने बेजार असल्यामुळे त्याला बराच वेळ खोलीतच काढावा लागला आणि गॅलरीत जमणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात भरभरून लिहिले. त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिए बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा हिंदुस्थानातला पहिला खेळ याच हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया. ल्युमिएंची ती हलती चित्रे पाहून भारावलेल्यांमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, होते. त्यांनी पुढे विलायतेहून कॅमेरा मागवला आणि चित्रीकरण सुरू केले. चित्रपटाच्या इतिहासातली ही ओळ वॉटसनच्या वाट्याला आली ती पत्त्यामुळेही. नवी वस्तू घेऊन जहाजातून उतरलेला माणूस आधी तिथेच पोचत असे.

याच 1896 च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेग फुटला. माणसे शहर सोडून पळत होती, व्यापार ठप्प होता. अशा वेळी जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर मोठे हॉटेल बांधण्याचा विचार केला. वॉटसनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला म्हणून ईर्षेने त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. अपमानाच्या गोष्टीपेक्षा त्यांची दूरदृष्टी जास्त मोलाची आहे. त्या काळी टपालाची जहाजे बंदरात नांगर टाकत आणि उतारू लहान लाँचमधून धक्क्यावर येत. अपोलो बंदर हे या धक्क्यांतले मानाचे ठिकाण. बंदराच्या पायरीवर पाय ठेवताच समोर हॉटेल असले तर त्याच्याइतकी मोक्याची जागा दुसरी कोणती?

ताजचे मूळ आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, आणि काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. सीताराम वैद्यांचे नाव मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. मुंबईची सर्वांत ओळखीची इमारत प्रथम एका मराठी माणसाच्या कागदावर उमटली आणि आज त्याचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे. 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल सुरू झाले तेव्हा बांधकाम अजून पुरते आटोपले नव्हते. पहिल्या दिवशी उतरलेले पाहुणे अवघे 17 असल्याचे सांगतात. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हते, ते 1924 मध्ये खुले झाले. आज ताज गेटवेसमोर आहे असे म्हणतो. वयाने पाहिले तर गेटवेच ताजसमोर येऊन उभे राहिले.

ताज उलटे बांधले गेले, वास्तुविशारदाला ते कळल्यावर त्याने जीव दिला, ही आणखी एक दंतकथा. मूळ प्रवेश खरोखरच शहराच्या बाजूने होता. इमारतीचे दोन पंख त्या बाजूला पसरलेले आहेत, घोडागाड्या त्यांच्यामधून आत येत. मुंबईत दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो आणि अपोलो बंदर तर पूर्वेला, खाडीच्या बाजूला. पंख पश्चिमेकडे उघडे ठेवले की तो वारा आत घेता येतो, हा खुलासा दंतकथेपेक्षा कितीतरी पटण्यासारखा आहे. विजेचे पंखे असले तरी वातानुकूलन यायचे होते, आणि मे महिन्यात वाऱ्याची दिशा हा हॉटेलच्या नफ्यातोट्याचा प्रश्न होता.

ताजच्या आसपास हॉटेलांची वस्तीच झाली. शेजारी ग्रीन्स हॉटेल होते. ते पाडून 1970 च्या दशकात ताजचा टॉवर उभा राहिला. जवळच चेंबर्स यांच्याच आराखड्यावरचे मॅजेस्टिक हॉटेल होते, जे महाराष्ट्राला पुढे मॅजेस्टिक आमदार निवास म्हणून माहीत झाले. मतदारसंघातून काम घेऊन आलेले कितीतरी कार्यकर्ते तिथल्या खोल्यांत सतरंज्या टाकून झोपले आहेत, कारण मंत्रालय तिथून जवळ.

साहेबांचे दार समुद्र होते. बाकीच्यांचे दार बोरीबंदर. 1853 मध्ये ठाण्यापर्यंत धावलेली गाडी 1863 मध्ये बोरघाट उतरू लागली आणि पुण्याचा, देशावरचा माणूस काही तासांत मुंबईत येऊ लागला. कोर्टाची तारीख, दवाखाना, घाऊक खरेदी, नोकरीचा अर्ज अशी त्याची कामे. त्याला स्टेशनपासून वळकटी उचलून चालत जाता येईल अशी जागा हवी होती, आणि जेवण आपल्या पद्धतीचे. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह ही अशी जागा. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत. बोरीबंदर जवळ, हायकोर्ट जवळ, गिरगावचा मराठी वस्तीचा भाग हाकेच्या अंतरावर. 24 जून 1908 रोजी राजद्रोहाच्या खटल्यासाठी त्यांना अटक झाली ती तिथेच. 1920 च्या जुलैमध्ये ते ताई महाराज दत्तक खटल्याच्या कामासाठी मुंबईत आले, आजारी पडले, आणि 1 ऑगस्टच्या पहाटेपूर्वी त्यांनी सरदारगृहातच देह ठेवला. भर पावसात लाखोंच्या गर्दीने त्यांना तिथून चौपाटीवर नेले. पुण्याच्या या नेत्याचे अखेरचे स्थान एक लॉजिंग असावे, यावरून तेव्हाच्या सार्वजनिक जीवनात अशा जागांचे महत्त्व किती होते ते कळते.

त्याही आधी, 1885 च्या डिसेंबरात, राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यात ठरले होते. तिथे कॉलऱ्याची साथ आली आणि ऐनवेळी सगळे मुंबईला हलवावे लागले. 72 प्रतिनिधींची सोय गवालिया तलावाजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेने आपल्या इमारती देऊन केली. सभाही तिथेच, मुक्कामही तिथेच.

तीर्थयात्री आणि व्यापारी यांच्यासाठी धर्मशाळा होत्या. सी. पी. टँकजवळचे माधवबाग, सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी बांधलेले हिराबाग, ही त्यातली ठळक नावे. भुलेश्वर, काळबादेवीचे बाजार तिथून पायी जाण्याच्या टप्प्यात. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना उभा राहिला तो हाजींसाठी. देशभरातून रेल्वेने आलेले यात्रेकरू इथे थांबत आणि इथून गोदीकडे जाऊन जेद्दाचे जहाज धरत. हज यात्रेची जलवाहतूक 1995 मध्ये थांबली.

गोव्याच्या माणसाने तर मुंबईत आपले गावच वसवले. धोबीतलाव, कावेल, माझगाव इथले कूड ही त्याची साक्ष. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. जहाजावर काम करणारे खलाशी, आचारी, वाढपी दोन सफरींच्या मधल्या काळात इथे थांबत. मोठ्या खोलीत भिंतीलगत पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकाची एक. रात्री त्या पेटीपुढे चटई पसरायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. एका बाजूला वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. वर्गणी अगदी थोडी, नियम मात्र कडक. धोबीतलावाची निवड विचारपूर्वक होती: चर्च जवळ, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या फोर्टात, गोदीही फार दूर नाही. जेर महालाच्या इमारतीतल्या कुडांनी हे जग कितीतरी वर्षे जपले. कोकणातल्या चाकरमान्यांच्या गिरणगावातल्या गावकीच्या खोल्याही याच जातकुळीच्या. पाळीवरून आलेला झोपायचा, पाळीवर जाणारा उठायचा.

मोक्याची जागा सापडली तरी तिचे दार सगळ्यांना उघडे नव्हते, हे या इतिहासात सांगितलेच पाहिजे. 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचे सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. शहरात कुणीही आसरा दिला नाही. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची ही गत. धर्मशाळांच्या दारातून परत फिरवलेल्या हजारोंची नोंद कुणी ठेवली नाही. मुंबईच्या लॉजांचा इतिहास लिहिताना त्यांच्या सुंदर गॅलऱ्यांबरोबर हेही लिहिले गेले पाहिजे.

पुढे शहराची दारे बदलत गेली आणि हॉटेलेही त्यांच्या मागे गेली. बॅलार्ड पिअरला जहाजे थेट धक्क्याला लागू लागली, 1930 च्या अखेरीस बॉम्बे सेंट्रल सुरू झाले आणि कुलाब्याचे टर्मिनस बंद झाले. मरीन ड्राइव्ह बांधून झाल्यावर पश्चिमेच्या वाऱ्याची खरी किनार शहराला मिळाली, तिथे सी ग्रीन, अॅम्बॅसेडर, नटराज आले. जहाजाऐवजी विमान आले तसा सांताक्रूझजवळचा जुहूचा किनारा मोलाचा झाला. 1962 मध्ये तिथे सन अँड सँड उघडले. मध्यमवर्गीय मराठी कुटुंब मात्र या सगळ्यापासून दूरच राहिले. मे महिन्याच्या सुटीत राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय पाहायला आलेली मुले गिरगावात नाहीतर दादरला मामाच्या, आत्याच्या घरी उतरत आणि रात्री चाळीच्या गॅलरीत ओळीने झोपत.

वॉटसन 1960 च्या दशकात हॉटेल म्हणून बंद पडले. खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या, नाव बदलून एस्प्लनेड मॅन्शन झाले, गॅलऱ्या कोसळू लागल्या. 2005 मध्ये एक भाग पडून एकाचा जीव गेला, त्याच वर्षी जगातल्या धोक्यातल्या वारसावास्तूंच्या यादीत तिचे नाव आले आणि 2019 मध्ये ती रिकामी करण्यात आली. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी असलेली अशी वास्तू देशात दुसरी शोधून सापडणे कठीण. ती पाडणे हा शहराचा कायमचा तोटा ठरेल.

2025 मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली. विमानतळ, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक आता एकाच मार्गावर आले आहेत. त्यामुळे मे महिन्यात दोनचार दिवस मुंबई पाहायला येणाऱ्याने विमानतळाजवळच्या खोलीत पैसे घालू नयेत. फोर्ट, कुलाबा किंवा चर्चगेटला, मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल असे लॉज घ्यावे आणि खोली ठरवताना पश्चिमेची खिडकी आहे का, ते आधी विचारावे. सकाळी आठच्या आत काळ्या घोड्याला जाऊन एस्प्लनेड मॅन्शनचे लोखंडी खांब एकदा नीट पाहून घ्यावेत.