लुईझा काउंटीची रिकामी जागा व पांचव्या ठरावाचा पाठ

विधिमंडळांतील एखादी जागा मुदतीपूर्वीं रिकामी झाली असतां ती भरण्यासाठीं जी पोटनिवडणूक होते, तिची दखल इतिहासग्रंथांत बहुधा तळटिपेपुरतीच घेतली जाते. परंतु कांहीं प्रसंगीं ह्या तळटिपेशिवाय मूळ ग्रंथाचाच अर्थ लागत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशा एका पोटनिवडणुकीचा व तिच्यामागोमाग आलेल्या एका ठरावपत्राच्या पाठाचा विचार करावयाचा आहे. स्थळ उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहत, काल इ. स. १७६५. ठरावाच्या निरनिराळ्या प्रती व त्यांतील पाठभेद हा विषय आपल्या मंडळाच्या वाचकांस परका वाटूं नये, अशी उमेद आहे.

जागा कशी रिकामी झाली

व्हर्जिनियाच्या लोकप्रतिनिधींच्या सभेस ‘हाउस ऑफ बर्जेसेस’ म्हणत. प्रत्येक काउंटीकडून, म्हणजे आपल्याकडील परगण्यासारख्या विभागाकडून, दोन सभासद निवडले जात. ता. १ मे १७६५ च्या कामकाजांत अशी नोंद आहे कीं, लुईझा काउंटीचे सभासद विल्यम जॉन्सन यांनीं त्या काउंटीच्या कॉरोनरचें पद पत्करलें आहे; सबब त्यांच्या जागीं नवा सभासद निवडण्याचें आज्ञापत्र काढावें, अशी गव्हर्नरास विनंति करावी. सरकारी पद पत्करणाऱ्यानें लोकप्रतिनिधीची जागा सोडावी, हें तत्त्व इंग्लंडच्या पार्लमेंटांतून वसाहतींत आलें होतें. राज्यकर्त्यानें पदें वांटून सभा आपलीशी करूं नये, हा त्याचा हेतु. भारतीय राज्यघटनेच्या १९१ व्या अनुच्छेदांतील ‘लाभाचें पद’ हें त्याच वंशांतील होय.

आज्ञापत्र निघाल्यावर शेरिफ निवडणूक घेई. मत गुप्त नसे. जमिनीचा मालक असलेला मतदार शेरिफासमोर उभा राहून उमेदवाराचें नांव मोठ्यानें उच्चारी व कारकून तें टिपून घेई. उमेदवार त्या काउंटीचा रहिवासीच असावा, असा निर्बंध नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन हे १७५८ सालीं दूरच्या फ्रेडरिक काउंटीतून निवडून आले होते. लुईझाच्या मतदारांनींही शेजारच्या हॅनोव्हर काउंटींतील एक तरुण वकील निवडला. त्याचें नांव पॅट्रिक हेन्री. ता. २० मे रोजीं त्याची न्यायालयविषयक समितीवर नेमणूक झाल्याची नोंद आहे. म्हणजे जागा रिकामी झाल्याचा ठराव व नवा सभासद कामास लागणें, यांत एकोणीस दिवसांचेंच अंतर पडलें.

ठरावाचीं साधनें

ब्रिटिश पार्लमेंटनें वसाहतींवर मुद्रांककर बसविणारा कायदा त्याच वर्षीं मार्च महिन्यांत केला होता. त्याविरुद्ध हेन्रीनें मे महिन्याच्या अखेरीस ठराव मांडले. त्यांपैकीं किती ठराव मंजूर झाले, हा खरा वादाचा मुद्दा आहे. उपलब्ध साधनें अशीं :

(१) सभेचें छापील कामकाज. त्यांत ता. ३० मेखालीं चारच ठराव आहेत. इंग्लिश प्रजेचे हक्क वसाहतवाल्यांसही आहेत, ते राजाच्या सनदांनीं मान्य झाले आहेत, कर स्वतः अथवा आपल्या प्रतिनिधींमार्फतच बसविला जावा, आणि हा हक्क अखंड चालत आला आहे, हा त्यांचा आशय.

(२) हेन्रीचें मोहरबंद पत्र. हेन्री ता. ६ जून १७९९ रोजीं वारला. त्याच्या मृत्युपत्राबरोबर सांपडलेल्या ह्या कागदावर पांच ठराव आहेत. पांचव्यांत कर बसविण्याचा अधिकार एकट्या वसाहतीच्या सभेचाच आहे, असें स्पष्ट म्हटलें आहे. पाठीमागील मजकुरांत त्यानें लिहिलें आहे कीं, हे ठराव आपण कोणाच्या साह्यावांचून कायद्याच्या एका जुन्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिले.

(३) वर्तमानपत्रें. ‘न्यूपोर्ट मर्क्युरी’नें ता. २४ जून रोजीं व ‘मेरिलँड गॅझेट’नें ता. ४ जुलै रोजीं ठराव छापले. त्यांत पांचव्याच्याही पुढचे, अधिक प्रखर ठराव आहेत. बाहेरच्यानें बसविलेला कर देण्यास प्रजा बांधलेली नाहीं, आणि याउलट प्रतिपादणारा वसाहतीचा शत्रु समजावा, अशी त्यांची भाषा आहे. व्हर्जिनियांतील वर्तमानपत्रानें मात्र ठराव छापलेच नाहींत.

(४) लेफ्टनंट गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर याचें ता. ५ जूनचें पत्र. त्याच्या मतें ११६ पैकीं अवघे ३९ सभासद हजर होते. सर्वांत मोठें मताधिक्य २२ विरुद्ध १७ व सर्वांत लहान २० विरुद्ध १९ होतें. पांच ठराव मंजूर झाले, परंतु दुसऱ्या दिवशीं पांचवा काढून टाकण्यांत आला. आणखी दोन ठराव ठरावकर्त्यांच्या खिशांत होते, पण पांचव्याचे हाल पाहून त्यांनीं ते बाहेर काढले नाहींत, असें आपणांस कळल्याचें तो लिहितो.

पाठनिर्णय

प्रथमदर्शनीं हीं साधनें परस्परविरोधी भासतात. तीं तशीं नाहींत. फॉकियरचें पत्र हातीं घेतलें म्हणजे गांठ सुटते. कामकाजांत चार आहेत, कारण तें खोडकाम झाल्यानंतरचें अंतिम रूप आहे. हेन्रीच्या कागदावर पांच आहेत, कारण त्याच्या देखत पांच मंजूर झाले. जेफर्सनच्या आठवणीप्रमाणें पांचवा खोडला गेला तेव्हां हेन्री शहर सोडून गेला होता. वर्तमानपत्रांतील अधिक ठराव म्हणजे खिशांत राहिलेल्या मसुद्याची बाहेर पडलेली नक्कल. तेव्हां कामकाज ही शोधित प्रत, हेन्रीचें पत्र ही कर्त्याची प्रत आणि वर्तमानपत्रांची ती कच्च्या खर्ड्यावरून निघालेली प्रत, असा ह्या तिहींचा संबंध दिसतो.

भाषणाची दंतकथा

ठरावांप्रमाणेंच हेन्रीचें भाषणही पाठभेदांनीं वेढलेलें आहे. त्याचा चरित्रकार विल्यम वर्ट यानें १८१७ सालीं वृद्धांच्या आठवणींवरून भाषणाचा जो शेवट दिला, त्यांत हेन्री राजद्रोहाच्या आरोपास निर्भयपणें आव्हान देतो. शंभर वर्षें हाच पाठ शाळांतून पढविला गेला. परंतु पॅरिसच्या नौखात्याच्या दप्तरांत एका प्रवाशाची रोजनिशी सांपडली व ती १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. हा प्रवासी ता. ३० मे रोजीं सभेच्या दाराशीं उभा होता. त्याच्या टिपणाप्रमाणें हेन्रीनें टार्क्विन व सीझर यांस ब्रूटस, चार्ल्सास क्रॉमवेल भेटल्याचा दाखला दिला. सभाध्यक्षांनीं हा राजद्रोह म्हणतांच त्यानें क्षमा मागितली आणि राजाविषयींची आपली निष्ठा बोलून दाखविली.

बखरीपेक्षां समकालीन टिपणास अधिक मान द्यावा, हा आपला नित्याचा दंडक येथेंही लागू पडतो. क्षमायाचनेनें हेन्रीची थोरवी उणी होते, असें मात्र नाहीं. राजाशीं निष्ठा व पार्लमेंटच्या कराला विरोध, ह्या दोन गोष्टी १७६५ सालीं एकाच मनांत नांदूं शकत होत्या. १७७६ चें स्वातंत्र्य त्या दिवशींच्या भाषणांत वाचणें म्हणजे उत्तरकालीन भाष्य मूळ सूत्रांत घुसडणें होय.

फलश्रुति

फॉकियरनें ता. १ जून रोजीं सभा बरखास्त केली. पण वर्तमानपत्री पाठ तोंवर वाटेस लागला होता. ऱ्होड आयलंडच्या सभेनें सप्टेंबरांत त्याच नमुन्यावर ठराव केले, व त्यांत व्हर्जिनियानें न स्वीकारलेली प्रखर कलमेंही घेतलीं. अग्राह्य ठरलेला पाठ एका वसाहतींत खोडला गेला आणि दुसरींत कायदेशीर ठराव बनला, हें पाठशास्त्राच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मुद्रांककराचा कायदा मार्च १७६६ मध्यें रद्द झाला.

एका मताच्या आधिक्यानें मंजूर झालेल्या ठरावाचा कर्ता दहाच दिवसांपूर्वीं सभेच्या कामास लागला होता. लुईझाची जागा पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामी ठेविली असती, तर हे ठराव निदान त्या मनुष्याच्या हातून मांडले गेले नसते. भारतांत १९९६ पासून लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १५१अ हें कलम असून, रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी असें तें सांगतें. उर्वरित मुदत वर्षाहून कमी असल्यास किंवा निवडणूक घेणें कठीण असल्यास सूट आहे. अशा मुदतीचें महत्त्व केवळ गणतीचें नाहीं, हें लुईझाच्या दाखल्यावरून दिसून येतें.

संग्राहकांस एक विनंति करून लेख पुरा करितों. सभेचें छापील कामकाज हाताशीं असलें म्हणून मसुदे, खोडलेले कागद, खासगी पत्रें व वाटसरूंच्या रोजनिशा टाकून देऊं नयेत. वरील प्रकरणांत अधिकृत प्रत खोटी नाहीं. पण काय खोडलें गेलें तें ती सांगत नाहीं. तें एका अधिकाऱ्याच्या पत्रानें, एका मृताच्या मोहरबंद कागदानें व एका अनोळखी प्रवाशाच्या टिपणानें सांगितलें.